एकाहत्तराव्या पानावरचे फूल

“थांबा, सिन्योरा निवेस, पुढे नका जाऊ. हेच पान.” दिलेत्ता पडद्याकडे बघत म्हणाली आणि तिथे एकाहत्तरावे पान भिंतभर मोठे होऊन उमटले. पानाच्या खालच्या कोपऱ्यात, लिहिलेल्या ओळींना खेटून, व्हायोलेटचे एक वाळके फूल होते. जांभळा रंग केव्हाच उडून गेला होता. आता ते चहाच्या डागासारखे दिसत होते.

निवेस बर्गोन्झीने कॅमेऱ्याखालच्या पोथीवरून हात मागे घेतला. ग्रंथालयाच्या सभागृहातला परिसंवाद सुरू व्हायला अजून तासभर होता. दिलेत्ता मोरान्दी, बत्तीस वर्षांची मुलगी, तीन वर्षे या एका हस्तलिखितावर मान मोडून काम करत होती आणि आज पहिल्यांदाच मोठमोठ्या अभ्यासकांपुढे उभी राहणार होती. तिचा करार जूनमध्ये संपत होता. तो वाढणार की नाही हे आजच्या निबंधावर बरेचसे ठरणार होते. हे सगळे निवेसला ठाऊक होते. निबंध या फुलावर आहे, एवढे मात्र तिला आत्ता कळत होते.

दिलेत्ताने उत्साहाने सगळे सांगून टाकले. पंधराव्या शतकातली ही प्रार्थनेची पोथी एका व्यापाऱ्याच्या विधवेची. एकाहत्तराव्या पानाच्या समासात तिने स्वतःच्या हाताने लिहून ठेवले आहे, की आज माझी बियांका गेली, वय वर्षे नऊ. आणि नेमके त्याच पानावर हे फूल. म्हणजे आईने मुलीसाठी ठेवलेले.

“पाचशे वर्षांपूर्वीच्या एका आईचं दुःख आपल्या हाती लागलंय, सिन्योरा,” ती म्हणाली. “आता याचा कणभर तुकडा जर्मनीला पाठवायचा, वय काढायला. मग कुणाची बोलायची टाप नाही.”

फुलाचे वय जर्मनीला न विचारताही निवेसला सांगता आले असते. एकतीस वर्षे.

ती या ग्रंथालयात वाचनकक्षाची मदतनीस होती. तळघरातून हस्तलिखित आणायचे, फोमच्या उशीवर ठेवायचे, पाने मिटू नयेत म्हणून वर शिशाच्या मण्यांची माळ टाकायची आणि वाचक उठून गेला की परत ठेवण्याआधी एकेक पान तपासायचे. कुठे फाटले नाही ना, कुठे चष्म्याची काडी राहिली नाही ना. पोथीत परकी वस्तू सापडली की काढायची आणि वर कळवायचे, असा नियम. चौतीस वर्षांत तिने तो एकदाच मोडला होता.

त्र्याण्णवच्या वसंतात परदेशातल्या गेंट शहरातून लीवेन वानाकर नावाचा एक तरुण अभ्यासक आला होता. सात गुरुवार तो आला आणि सातही वेळा त्याने हीच पोथी मागितली. वाचनकक्षात बोलायची बंदी, त्यामुळे बोलणे असे फारसे झाले नाही. एकदा दुपारी अंगणातल्या पायरीवर त्याने आपला मोर्तादेल्लाचे मांस घातलेला पाव अर्धा मोडून तिला दिला आणि विचारले, या पोथीतले तुमचे आवडते पान कुठले? निवेसला असे आधी कुणी विचारले नव्हते आणि नंतरही कुणी विचारले नाही. तिने सांगितले, एकाहत्तरावे. सातव्या गुरुवारी तो निरोप घेऊन गेला. नेहमीप्रमाणे ती पाने तपासायला बसली, तर एकाहत्तराव्या पानावर अंगणातले ताजे व्हायोलेट. त्याच्यानंतर पोथी उघडणार ती निवेसच, हे त्यालाही माहीत होते. मग फूल दुसऱ्या कुणासाठी असणार?

तिने पोथी मिटली आणि तशीच आत नेऊन ठेवली.

पत्र आले नाही. पोस्टात काम करणाऱ्या एका भल्या माणसाने तिला पुढे मागणी घातली होती, तिने होकार द्यायला इतके दिवस लावले की तो बिचारा कंटाळून दुसरीकडे वळला. फुलापायी होकार अडला, असे ती कधी कबूल करणार नाही. पण वर्षातून तीन-चारदा, तळघरात आवराआवर करताना, ती ते पान उघडून बघायची. रविवारी भोपळ्याचे सारण भरलेले तोर्तेल्ली एकटीपुरते लाटताना हात संथ व्हायचा, तेव्हाही ते पान डोळ्यांपुढे यायचे. २००९ साली बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी नवी सूची केली आणि तीत छापले, ‘पृ. ७१, दाबलेले फूल’. झाले. छापलेले म्हणजे विद्वानांना ब्रह्मवाक्य. त्या दिवसापासून फूल पाचशे वर्षांचे झाले.

दिलेत्ताला आत्ताच सांगावे, असे तिला दोनदा वाटले. पण आजच्या परिसंवादाचे अध्यक्ष होते प्राध्यापक लीवेन वानाकर. कार्यक्रमपत्रिकेवर ते नाव वाचल्यापासून तीन आठवडे निवेसचा जीव थाऱ्यावर नव्हता. काल तिने केस करून घेतले होते, बहिणीच्या लग्नानंतर पहिल्यांदा. तो पडद्यावर फूल बघेल, ओळखेल, हसेल आणि तोच सांगेल, म्हणून ती मूग गिळून बसली.

दिलेत्ता छान बोलली. निवेस तिच्या खुणेबरोबर पाने उलटत होती. एकाहत्तरावे पान आले तेव्हा तिने पहिल्या रांगेकडे पाहिले. लीवेनने आता साठी ओलांडली होती, टक्कल पडले होते, हातात काठी होती. तो पुढे झुकून पडद्याकडे पाहत होता. एका बाजूला मान कलवून पाहायची त्याची लकब तशीच होती.

निबंध संपल्यावर तो बोलायला उठला.

“तरुणपणी मीही पुस्तकांत काय काय खुपसायचो. ट्रामचं तिकीट, काडी, पान, फूल. हाताला लागेल ते, खूण म्हणून. आणि काढायला विसरायचो. ग्रंथपाल मला शिव्या घालत असतील.” लोक हसले. “पण हे तसलं नाही, दोत्तोरेसा,” दिलेत्ताच्या पदवीला मान देत तो तिच्याकडे वळला. “हे कुणीतरी जीव लावून ठेवलंय.”

टाळ्या पडल्या. निवेसला त्यातले ‘हाताला लागेल ते’ एवढेच ऐकू येत राहिले.

जेवणाच्या सुट्टीत तो काठी टेकत पोथीपाशी आला. फूल जवळून पाहिले, मग तिच्याकडे वळून विचारले, “किती वर्षं आहात इथं, सिन्योरा?”

“चौतीस.”

“मग आपली गाठ पडली असणार. मी आलो होतो एकदा, नव्वदच्या सुमारास.”

“पडली असेल,” निवेस म्हणाली. “येणारे पुष्कळ.”

त्याने हसून मान डोलावली आणि रिसोत्तोचा भात गार होईल म्हणून गेला. त्याच्यावर रागावता येईल तर बरे, असे तिला वाटले. पण राग येईना. त्याने कसले वचन दिले नव्हते, की ते मोडले म्हणावे.

सभागृह रिकामे झाले. दिलेत्ता एकटीच कागद गोळा करत होती. संपादकांनी निबंध सोमवारपर्यंत मागितला होता. तिचा चेहरा फुलला होता. पण जर्मनीहून उत्तर आले असते तर या पोरीला जन्मभर तोंड दाखवायला जागा राहिली नसती.

“दोत्तोरेसा, ते फूल पाठवू नका कुठं. छापूही नका. ते मी ठेवलंय.”

दिलेत्ता आधी हसली. मग तिने निवेसकडे नीट पाहिले आणि हसू मावळले.

“तुम्ही? कधी?”

“त्र्याण्णव साली. अंगणातलं आहे.”

“पण का?”

“कुणीतरी मला दिलं, असं वाटलं होतं.”

दिलेत्ता कागद टाकून खुर्चीत बसली. “सकाळी का नाही सांगितलंत? एवढ्या लोकांसमोर मी...” तिचे म्हणणे खरे होते.

“माझं चुकलं, पोरी. सकाळीच सांगायला हवं होतं,” ती म्हणाली आणि तिच्याजवळ जाऊन उभी राहिली. “पण आईनं लिहिलंय ते कुठं गेलं? ‘बियांका’पाशी बघ. तिथं शाई ओली असताना बोट फिरलंय. दिवा आडवा धरलास की दिसतं. मी कितीदा बघितलंय. ते माझं नाही, त्या बाईचंच आहे.”

दिलेत्ताने डोळे पुसले नाहीत, पण थोड्या वेळाने उठून दिवा आडवा धरला आणि बराच वेळ वाकून पाहत राहिली.

ग्रंथपाल झानेल्लींना बोलवावे लागले. ते माणूस म्हणून वाईट नव्हते. निवेसच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते. नियम मोडल्याची नोंद झाली तर चौकशी होणार, हे त्यांनाही ठाऊक होते. फूल काढायचे काम शेवटी निवेसनेच केले. चिमट्याने उचलताना एक पाकळी सुटली. तिने तीही उचलली आणि दोन्ही लिफाफ्यात ठेवले. पानावर फुलाच्या आकाराचा फिकट डाग तेवढा राहिला.

लिफाफ्यावर छापील रकाने होते. हस्तलिखिताचा क्रमांक, पान, वस्तू, ठेवणाऱ्याचे नाव.

“शेवटच्यात ‘अज्ञात’ लिहा,” झानेल्ली हळूच म्हणाले. “प्रकरण इथंच मिटेल. दोत्तोरेसाही काही बोलणार नाही.”

दिलेत्ताने होकारार्थी मान हलवली.

निवेसने पेन्सिल उचलली. क्रमांक लिहिला, पान लिहिले, ‘व्हायोलेट, एक’ असे लिहिले. शेवटच्या रकान्यात तिला क्षणभर दुसरेच एक नाव आठवले, पण त्याचा या फुलाशी काही संबंध उरला नव्हता. तिने ‘निवेस बर्गोन्झी’ असे लिहिले. त्या ग्रंथालयात सगळेच पेन्सिल हलक्या हाताने चालवत, पुढे कधी खोडता यावे म्हणून. निवेसने दाबून लिहिले.