एकशे अठरा तक्रारी

अकोल्यातल्या एका बियाणे कंपनीच्या कचेरीत हरिहरराव व्यवस्थापक होते. पुण्याच्या मुख्य कचेरीतून आलेला ईमेल ते कागदावर छापून घेत आणि लाल शाईनं उत्तर लिहून टायपिस्टकडे पाठवत. अशा माणसाला मेल सर्व्हर समजावून सांगायची पाळी कहकशाँवर आली, कारण कचेरीतले संगणक तीच सांभाळायची.

२००९चा आषाढ होता. दर्यापूरकडे कंपनीचं सोयाबीन उगवलं नव्हतं. पुण्याहून हुकूम आला, की तक्रारींचे ईमेल थेट तिकीट प्रणालीत पडावेत. प्रत्येकाला नंबर, तारीख आणि जबाबदार माणसाचं नाव. कहकशाँनं दोन दिवसांत जोडणी केली. आता सर्व्हर आलेला मेल पेटीत न ठेवता तिकिटाच्या प्रोग्रामच्या हवाली करणार होता.

तक्रारींची जुनी पेटी हरिहररावांच्या ताब्यात होती. तिनं ती उघडली, तर एकशे अठरा मेल, एकही वाचलेला नाही. बहुतेक दर्यापूरच्या नईमच्या सायबर कॅफेतून आलेले. तिनं तेही आत सोडले. सगळी तिकिटं साहेबांच्या नावावर पडली.

"हे जुनं काहून घातलं?" हरिहररावांनी विचारलं.

"आलं होतं म्हणून घातलं."

"तुम्हाले शेतीतलं काय समजते?"

"उगवलं नाही, एवढं वाचता येते, साहेब. अन् तक्रार मिटली म्हणून तिकीट बंद केलं की तुम्ही लिहिलेलं उत्तर आपोआप त्या माणसाले जाते. तुमच्या नावानं."

साहेब फोनवर पुण्याच्या पाहुण्यांच्या जेवणाचं ठरवत होते. "ते मशीनचं मले सांगू नका," म्हणत त्यांनी हात झटकला.

पुण्याला एकही उघडं दिसू नये म्हणून दुपारभर एका बोटानं टाइप करत त्यांनी एकूण एक तिकीट बंद केलं. प्रत्येकाखाली एकच वाक्य: 'शेताची पाहणी केली, तक्रारदाराचे समाधान झाले.' कचेरीबाहेर पाऊल न टाकता एकशे अठरा वावरं पाहिलेला माणूस कहकशाँ आपल्या टेबलावरून बघत होती. तिनं अडवलं नाही. याला दुसऱ्यांदा सांगणं तिला स्वतःचाच अपमान वाटला.

तिसऱ्या दिवशी दर्यापूरहून देवराव आणि आणखी अकरा शेतकरी जीपनं आले. नईमनं प्रत्येकाला उत्तर छापून दिलं होतं. देवरावांनी कागद टेबलावर ठेवला.

"साहेब, माह्या वावरात तुमी कवा आलते?"

"ते मशीननं पाठवलं."

सगळे कहकशाँकडे वळले. "पाठवलं मशीननं, लिहिलं साहेबांनी," ती म्हणाली, आणि संगणकाचा पडदा त्यांच्याकडे फिरवला. नाव, वेळ, वाक्य, सगळं ओळीनं होतं. साहेबांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

आलेल्या बारा जणांना बियाण्याच्या नव्या पिशव्या मिळाल्या. उरलेली एकशे सहा तिकिटं कहकशाँनं पुन्हा उघडली; पण त्यांच्या पिशव्यांना पुण्याची परवानगी येईपर्यंत पेरणीचे दिवस सरले होते. हरिहररावांची अमरावतीला बदली झाली, तिथं त्यांना मोठी खोली मिळाली. कहकशाँकडे मात्र लेखी खुलासा मागितला गेला: जुने मेल विनापरवानगी प्रणालीत का घातले?

तिनं एक ओळ लिहिली. 'ते आपल्याच पत्त्यावर आले होते.' आणि सही करून कागद पुण्याला पाठवून दिला.