परत टाक!

"परत टाक! अरे टाक परत!"

चारी बाजूंनी गलका उठला आणि रोहेलिओ इबारा हातातला चेंडू छातीशी धरून असा उभा राहिला, जणू कुणी त्याच्या कडेवरचे मूलच मागत होते.

पाहुण्या संघाच्या गड्याने टोलवलेला चेंडू कुंपण ओलांडून थेट त्याच्या ओंजळीत आला होता. पोर्ट आल्डनच्या बेसबॉल मैदानात, डाव्या कुंपणामागच्या उघड्या बाकांवर, या बाबतीत एकच कायदा होता. आपल्या गड्याने मारलेला होम रनचा चेंडू ज्याच्या हाती लागेल त्याने तो घरी न्यावा, जपावा, नातवंडांना दाखवावा. परक्याने मारलेला मात्र क्षणभरही हातात ठेवायचा नाही. मैदानात भिरकावून द्यायचा. तुमची धाव तुम्हाला लखलाभ, आम्हाला तिची आठवणसुद्धा नको.

"ओडेसा, आज शेवटचा सामना आहे गं," रोहेलिओ गयावया करत म्हणाला. "उद्यापासून इथे कुत्रंसुद्धा फिरकणार नाही. एवढा राहू दे ना!"

"शेवटचा आहे म्हणून काय नियम मोडीत निघाला?" ओडेसा प्रुइट बसल्या जागेवरून म्हणाली. "टाक."

"माझ्या टायरच्या दुकानात काचेच्या पेटीत ठेवीन. गिऱ्हाइकं बघतील."

"आणि विचारतील, कुणी मारला? मग काय सांगशील? ज्यांनी आम्हाला धुतलं त्यांनी?"

रोहेलिओने देवाच्या आईचे नाव घेतले, हात मागे नेला आणि चेंडू फेकला. बाकांवर टाळ्या कडाडल्या. तो कपाळ पुसत खाली बसला आणि ओडेसाने त्याच्या हातात रताळ्याचे सारण भरून भाजलेल्या गोड 'पाय'चा तुकडा ठेवला. शाळेतल्या मुलाने दाताच्या डॉक्टरकडे न रडता दात काढून घेतला, की ती असेच करत असे.

वॉटर स्ट्रीटच्या शाळेत मुलांना दुपारचे जेवण रांधून वाढण्यात ओडेसाचा जन्म गेला होता. सहा वर्षांची असताना वडिलांनी तिला पहिल्यांदा या बाकांवर आणले. ते धक्क्यावर बोटींमधला माल उतरवत. चेंडू झेलायचा त्यांचा चामडी हातमोजा आता तिच्या मांडीवर होता. त्याची शिवण चांभाराने तीनदा बदलली होती. प्रत्येक सामन्याला ती तो घालून बसे, आणि इतक्या वर्षांत तिच्याकडे एकही चेंडू आला नव्हता. डावीकडे पडले, उजवीकडे पडले, एक तर तिच्याच सरबताच्या पेल्यात पडला आणि उसळून शेजाऱ्याच्या टोपीत गेला.

"चेंडू वाट चुकतो," वडील म्हणत, "पण आपण जागा सोडायची नाही."

आता जागाच तिला सोडून चालली होती. संघाचे नाव होते फेरीमेन, म्हणजे नावाडी. पोर्ट आल्डन हे गावच नदीच्या उतारावर, नावाड्यांच्या वस्तीतून वाढलेले. तो संघ मालकाने उचलून दूर वाळवंटातल्या एका शहरात न्यायचे ठरवले होते.

"वाळवंटात नावाडी!" ओडेसाचा संताप महिनोन्महिने याच वाक्याने सुरू होत असे. "तिथे नदी सोडाच, गटारसुद्धा कोरडं असतं. निदान नाव तरी इथे ठेवून जावं की नाही माणसानं?"

"नाव त्याच्या मालकीचं आहे," शेजारच्या जागेवरचा एल्मर कोवाच म्हणाला. विमा कंपनीत आयुष्यभर कारकुनी केल्यामुळे एल्मरला जगातली प्रत्येक गोष्ट कराराच्या कागदातूनच दिसे. "संघ म्हणजे धंदा, बाई. मालकानं नवं मैदान मागितलं, शहरानं दिलं नाही. वाळवंटवाल्यांनी दिलं. यात रडायचं काय?"

"शहरानं कुठून द्यायचं? माझ्या शाळेच्या स्वयंपाकघराचं छप्पर गळतंय. एका हातात पळी, दुसऱ्या हातात छत्री धरून सूप ढवळते मी. ते छप्पर आधी, का त्या माणसाच्या पाहुण्यांना बसायला काचेच्या गार खोल्या आधी?"

"मी फक्त नियम सांगतोय."

"तू नियमच सांग. लग्नातसुद्धा पाद्रीबाबांकडून करार मागून घेतला असशील वाचायला."

"घेतला होता," एल्मर शांतपणे म्हणाला. "म्हणून तर टिकलं."

रोहेलिओ हसता हसता ठसकला. पण त्याच्या मनात दुसरेच काही घोळत होते, आणि आज ते बोलून टाकायलाच हवे होते. वाळवंटातले मैदान तयार व्हायला दोन वर्षे लागणार होती. तोवर नावाड्यांचे 'घरचे' सामने देशोदेशी होणार होते. काही लंडनला, काही दूर पूर्वेला सोलला आणि काही मेक्सिकोत, मोंतेरेला. 'सारे जग आमचे घर' अशा पाट्या मैदानाबाहेर आधीच लागल्या होत्या. मोंतेरे हे रोहेलिओचे गाव.

"तुला राग येणार, तरी सांगतो," तो म्हणाला. "मला आनंद झालाय. माझा बाप तिथे रेडिओला कान लावून हे सामने ऐकत म्हातारा झाला. इंग्रजीचं अक्षर कळायचं नाही, नुसत्या ओरडण्यावरून ओळखायचा कोण जिंकलं ते. तुम्ही लोक आपापसात खेळून स्वतःला जगज्जेते म्हणवता, आणि जग दारात आलं की आतून कडी लावता!"

बाकांवरचे दोघे-तिघे वळून बघू लागले. समोरच्याचे खरे असेल तर ते खरे म्हणायचे, ही ओडेसाची सवय होती. तिच्या स्वयंपाकघरात पाच वर्षांच्या पोरालाही हा मान मिळे.

"बरोबर आहे तुझं," ती म्हणाली. "द्या ना मोंतेरेला संघ. सोलला द्या, लंडनला द्या, चंद्रावर द्या! जेवायला पोरं वाढली की मी काय करते? मोठं पातेलं चढवते. पहिल्या बाकावरच्या पोराचं ताट उचलून नव्या पोरापुढे सरकवत नाही. आणि नव्यालाही असं म्हणत नाही, की दोन घास खाऊन घे, मग हे ताट तिसऱ्याला द्यायचंय."

रोहेलिओने कान खाजवला. "दोन वर्षांनी मोंतेरेचं काय, ते कुणी सांगितलं नाही खरं."

"तुला सांगायचं कशाला? विचारलं तरी होतं का? मलाही नाही विचारलं."

सातव्या डावाच्या मध्यंतरात एक मुलगी कॅमेरा सांभाळत बाकांच्या पायऱ्या चढून आली. तिचे नाव केल्सी, आणि ती संघाच्या कचेरीतून आली होती.

"मिस ओडेसा ना? सगळे म्हणाले, या बाकांवर तुमच्याइतकं जुनं कुणी नाही. फक्त एक वाक्य बोलायचं. 'नावाड्यांनो, जिथे जाल तिथे आम्ही तुमच्याबरोबर आहोत.' नव्या मैदानाच्या उद्घाटनाला मोठ्या पडद्यावर दाखवणार आहेत. तुम्हाला विमानाची दोन तिकिटं मिळतील. हवं तर मोंतेरेच्या सामन्याची."

रोहेलिओने ओडेसाला कोपराने हळूच ढोसले. "दोन," तो कुजबुजला.

"म्हणजे तिकडच्या लोकांना दिसणार, आम्ही हसत हसत पाठवणी केली," ओडेसा म्हणाली.

"तसंच... काहीसं."

"आणि तेही माझ्या तोंडून. घर लुटलं ते लुटलं, वर घरच्या बाईनंच चोराला दारापर्यंत सोडायला जायचं आणि हात हलवायचा!" तिचा आवाज चढला, आणि लगेच उतरला. मुलगी अगदीच कोवळी होती. "तुला नेणार आहेत का गं तिकडे?"

केल्सीने मान खाली घातली. "नाही. आमच्यातलं कुणीच नाही."

"मग बस इथे. जेवलीस का? रताळ्याचा तुकडा घे. वाक्य नाही मिळायचं."

केल्सी बसली, पण कॅमेरा तिने बंद केला नाही. "मन बदललं तर सांगा," ती तुकडा खात म्हणाली.

आठव्या डावात तावारेस नावाचा नावाड्यांचा तरणा गडी बॅट घेऊन उभा राहिला. गुणी पोरगा. गेल्या वर्षी शाळेत येऊन मुलांच्या रांगेत उभा राहून जेवला होता. त्याने दुसराच चेंडू असा उचलला, की आवाजावरूनच सगळी बाके उभी राहिली.

चेंडू वर गेला, वाऱ्यात रेंगाळला आणि खाली येऊ लागला. डावीकडे गेला नाही, उजवीकडे गेला नाही. ओडेसाने फक्त हात वर केला. वडिलांच्या हातमोज्यात धप्प असा आवाज झाला आणि तिचे सारे मनगट झिणझिणले.

मग काय तो कल्लोळ! रोहेलिओने तिला मिठी मारली, अनोळखी माणसे तिच्या खांद्यावर थापा मारू लागली, समोरच्या मोठ्या पडद्यावर तिचा भांबावलेला चेहरा झळकला. केल्सी कॅमेरा रोखून ओरडत होती, "मिस ओडेसा, आता! आता बोला ते वाक्य!"

ओडेसा चेंडूकडे बघत होती. शिवणीला बॅटचा काळसर डाग होता. वजन तिला वाटले होते त्यापेक्षा जास्त होते.

"घरी ने!" रोहेलिओचे डोळे भरून आले होते. "बापाच्या फोटोशेजारी ठेव. आपल्यांचा आहे!"

"कुणाचा?" ओडेसाने विचारले.

"आपल्यांचा गं!"

"कुणाचा, रोहेलिओ?"

रोहेलिओने तिच्या खांद्यावरचा हात काढून घेतला.

ओडेसाने हातमोजा काढून बाकावर ठेवला. चेंडू उजव्या हातात घेतला, आणि पडद्यावर सारे मैदान बघत असताना, जितका जोर होता तितक्या जोराने तो परत टाकला.

गलका मध्येच तुटला. चेंडू हिरवळीवर दोन टप्पे घेऊन थांबला. आपल्याच संघाचा चेंडू परत आलेला या मैदानाने कधी पाहिला नव्हता.

"नियमाला धरून आहे," एल्मर हळूच म्हणाला, आणि त्याने टोपी काढली.

पाहुण्या संघाचा गडी कुंपणापाशी उभा होता. त्याने चेंडू उचलला, वर बघितले आणि ओडेसाकडे फेकण्यासाठी हात उगारला. तिने मान हलवली. तो क्षणभर घोटाळला. मग कुंपणाजवळ येऊन, टाचा उंचावून, त्याने तो चेंडू अलगद कठड्यावर ठेवला.

केल्सीचा कॅमेरा केव्हाच खाली आला होता. ओडेसाने उरलेला रताळ्याचा तुकडा कागदात गुंडाळून तिच्या पिशवीत घातला, आणि वडिलांचा हातमोजा आपल्या पिशवीत.

सामना संपल्यावर लोक त्याच कठड्याजवळून बाहेर पडले. त्यात म्हातारे होते, शाळकरी पोरे होती, आयुष्यभर एका चेंडूची वाट पाहिलेली माणसे होती. चेंडू हाताच्या अंतरावर होता. कुणीही त्याला हात लावला नाही.