मासोळीचे पाय

ताईच्या पार्लरमध्ये एका बाबतीत कुणाचीच डाळ शिजत नसे. पायावरचे केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले नसले, तर ती वॅक्सच्या भांड्याचं झाकणसुद्धा उघडायची नाही. समोरची बाई कितीही गयावया करो, लग्नाला जायचंय म्हणो की प्रवासाला निघालेय म्हणो, ताई तिला चहा पाजून परत पाठवायची. बायका चिडायच्या, ही पार्लर चालवते की शाळा, असं जाता जाता बडबडायच्या आणि केस वाढले की निमूटपणे परत यायच्या. कारण ताईच्या हाताखालून गेलेल्या पायावर नंतर पुटकुळी शोधून सापडायची नाही.

त्यात जादूबिदू काही नव्हती. आखूड केस पट्टीला नीट चिकटत नाही, मुळातून निघायच्या ऐवजी मध्येच तुटतो आणि तुटलेलं टोक कातडीखाली वळून तिथेच वाढायला लागतं. मग लाल टेंगूळ येतं, खाजतं, कधी पिकतंही. शिकलेल्या बायका त्याला इनग्रोन म्हणत, ताई सरळ आत वळलेला केस म्हणे. नव्याने येणाऱ्या प्रत्येकीला ती सगळं ऐकवायचीच. एका जागी पुन्हा पुन्हा पट्टी ओढायची नाही. लगेच घट्ट कपडे घालायचे नाहीत, पोहायला जायचं नाही. कातडी शांत झाली की आंघोळीत मऊ कापडाने हलक्या हाताने चोळायचं, वर साधं क्रीम लावायचं. आणि एवढं करूनही केस आत वळलाच, तर कोमट पाण्याचा शेक द्यायचा, सुईने टोकरायचं नाही. हे शेवटचं सांगताना ती बोट उगारायची.

आता हे सगळं तोंडपाठ असलेल्या बाईने स्वतःच्या पोटच्या पोरीच्या पायांचं काय केलं, ते ऐका.

पोरगी तेरा-चौदा वर्षांची. एकदा पाण्यात उतरली की हाका मारमारून बाहेर काढावी लागे, म्हणून तिच्या कोच मॅडमनी तिला मासोळी म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता घरातही तेच नाव पडलं. अंगाने काटकुळी, पण पायांत जोर असा, की मोठ्या मुलींनाही मागे टाकायची. त्या पायांवर काळेभोर केस होते, थेट बापावर गेलेले. मासोळीला त्याचं काडीचंही सोयरसुतक नव्हतं. ती उघड्या पायांनी तलावाच्या काठावर हुंदडायची, पाय हलवत बसून केळी खायची, आणि ताईलाही तोवर त्यात वावगं काही दिसलं नव्हतं.

एकदा सरावाच्या वेळी पोरींच्या आया पायऱ्यांवर बसल्या होत्या. त्यात ताईची एक नेहमीची ग्राहक होती, चष्मेवाली, बोलायला फटकळ पण मनाने वाईट नाही. पाण्यातून वर येणाऱ्या मासोळीकडे बघून ती हसत म्हणाली, की ताई, आमच्या पायांतून तुम्हाला सवड मिळत नाही वाटतं, घरच्या गिऱ्हाइकाचा नंबर कधी लागणार. सगळ्याजणी हसल्या. ताईही हसली. हसता हसता तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आपली कला आपल्याच घरात दिसत नाही म्हणजे चारचौघींत नाक कापलं गेलं, असं तिच्या मनाने घेतलं. चष्मेवाली दोन मिनिटांत ते विसरली असेल. ताई मात्र घरी येईपर्यंत तेच उगाळत राहिली.

संध्याकाळी तिने मुलीपाशी विषय काढला. स्पर्धा जवळ आली आहे, पाय जरा साफ करून घेऊ. मासोळी म्हणाली, कशाला, पाण्याला काय फरक पडतो. आता खरं तर इथेच गप्प बसायचं, किंवा मलाच ते बरं दिसत नाही गं, असं सरळ सांगायचं. पण सरळ सांगितलं तर पोरगी ऐकणार नाही हे ताईला ठाऊक होतं. तिच्या तोंडून निघून गेलं, "तुझ्या मॅडमच म्हणाल्या. स्पर्धेत लोकांसमोर बरं दिसत नाही म्हणे."

मासोळीचा चेहरा उतरला. मॅडम म्हणजे तिचा देव होता. ती हळूच म्हणाली, "माझ्या पायांबद्दल म्हणाल्या?" ताई हो म्हणाली आणि चपात्या लाटायला स्वयंपाकघरात गेली. थाप पचली म्हणून तिला तेव्हा जरा हायसंच वाटलं, हेही सांगून टाकलेलं बरं.

पोरीला दम कुठला. तिने त्याच संध्याकाळी न्हाणीघराची कडी लावून बापाचा रेझर पायांवरून फिरवला. थोड्याच दिवसांत खुंट उगवले, काळे आणि राठ, आणि पाय आधीपेक्षा वाईट दिसायला लागले. दुसरी कुणी असे पाय घेऊन आली असती, तर ताईने तिला दारातूनच परत धाडलं असतं. पण स्पर्धा तोंडावर आलेली, चष्मेवाली पायऱ्यांवर बसणार, आणि ही तर घरचीच पोर. घरच्यांना कसले नियम. शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर ताईने भांड्याच्या तळाशी उरलेलं वॅक्स गरम केलं आणि मासोळीला खुर्चीत बसवलं. खुंट निघेनात. तिने त्याच जागी पुन्हा पट्टी लावली, मग पुन्हा. पोरगी ओठ दाताखाली दाबून बसली होती, हूं की चूं केलं नाही. ताई दिवसभराची दमलेली, तिला फक्त उरकायचं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सराव होता. जाऊ नकोस म्हणायला हवं होतं, पण ताई म्हणाली नाही. मासोळीने गुडघ्यापर्यंतचा घट्ट पोहायचा पोशाख चढवला आणि औषध टाकलेल्या पाण्यात तासभर हातपाय मारून आली. त्या आठवड्यातच दोन्ही पायांवर टेंगळं उठली. पोटरीवरचं एक तर चांगलंच टपोरं होतं, आत काळा केस गोल वळलेला वरून दिसत होता. ताईला वाटलं, एवढासा केस, सुईने अलगद काढून टाकते, माझा हात काय आजचा आहे. ज्यासाठी ती जगावर बोट उगारायची, नेमकं तेच तिने केलं. पोटरी सुजली, लाल झाली, अंगात ताप भरला. डॉक्टरांनी जखम साफ केली, गोळ्या दिल्या आणि विचारलं, की हे कुणी टोकरलं. मासोळी म्हणाली, मीच. ताई शेजारीच उभी होती. तिने मूग गिळले.

स्पर्धा हुकली. ते एक वेळ सोसलं असतं, पुढच्या वर्षी पुन्हा होते. जखम भरली, डॉक्टरांनी पाण्यात उतरायला हरकत नाही म्हणून सांगितलं. रेझर, वॅक्स सगळं बंद, केस त्यांच्या त्यांच्या मर्जीने वाढू द्या, रोज शेक द्या, आत वळलेले बाकीचे केस आपोआप सुटतील, एवढंच ते म्हणाले. पण मासोळी तलावाचं नावच काढेना. सरावाच्या वेळी ती लांब पायजमा घालून अभ्यासाला बसायची. बापाने चेष्टेने विचारलं, की काय गं, पाण्याशी कट्टी झाली का. ती म्हणाली, मी पोहणं सोडलं. इतकं सहज म्हणाली आणि पुन्हा वहीत लिहायला लागली. या पोरीकडून पाणी सुटलं तर मागे काय उरणार, हे आईला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

मग एके दिवशी दुपारी कोच मॅडमच पार्लरमध्ये आल्या. उंच, रापलेल्या, आवाज असा की तलावाच्या या टोकावरून त्या टोकाला जावा. त्या दिवशी मात्र खुर्चीच्या कडेवर अवघडून बसल्या होत्या. मासोळी आपल्याकडे बघत नाही, रस्त्यात दिसलो तर वळून दुसरीकडे जाते, असं त्यांनी सांगितलं. मग म्हणाल्या, "माझ्या तोंडाला लगाम नाही, ताई. पोरींना मी फार टाकून बोलते. मी हिला काही लागेलसं बोलले का? आठवून आठवून माझं डोकं फिरायची वेळ आलीय."

ताईच्या हातात टॉवेलच्या घड्या होत्या. खरं जिभेवर आलं होतं. पण पडद्याआड एक बाई चेहऱ्याला लेप लावून पडली होती, आणि ताईला तेवढं निमित्त पुरलं. ती म्हणाली, वयच तसं असतं हो, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मॅडम उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, की मी काही बोलले असेन तर तिला म्हणावं मॅडम माफी मागतात. आणि गेल्या. ताईने घातलेल्याच घड्या मोडून पुन्हा घातल्या. न केलेल्या गोष्टीची माफी ती बाई मागून गेली होती आणि ताईने ती मागू दिली होती. तिची तिलाच किळस आली.

घरी आल्यावर तिने पातेल्यात पाणी गरम केलं, मऊ फडकं बुडवून पिळलं आणि मासोळीच्या पोटरीवर ठेवलं. रोजचंच होतं ते. मासोळी पुस्तक डोळ्यांसमोर धरून पडली होती. ताईला कुठून सुरुवात करावी ते कळेना, म्हणून तिने शेवटच आधी सांगून टाकला. "मॅडम तुझ्या पायांबद्दल काही बोलल्या नव्हत्या. कधीच नाही. ते मी रचून सांगितलं."

पुस्तक खाली आलं. ताईने मग सगळं सांगितलं. पायऱ्यांवरचं हसणं, आपलं कापलेलं नाक, मॅडम पार्लरमध्ये येऊन माफी मागून गेल्या तेसुद्धा. तिला वाटलं होतं पोरगी चिडेल, आदळआपट करेल. तिने तशी मनाची तयारीही केली होती.

"म्हणजे माझे पाय तुला वाईट दिसत होते," मासोळी म्हणाली.

खोटं बोलायची ताईची आता हिंमत नव्हती. "हो. तेव्हा वाटले होते."

मासोळीने पाय ओढून घेतला. फडकं चादरीवर पडलं. ती रडत नव्हती, हिशोब चुकल्यावर मूल कसं वहीकडे बघतं तशी स्वतःच्या पायांकडे बघत होती. मग म्हणाली, "मॅडमना दिसू नयेत म्हणून मी घरात बसत होते, आई. घरात कुणी बघत नाही असं वाटायचं. आता मी कुठे बसू?"

चुकलं गं माझं, एवढंच ताई कशीबशी म्हणाली, आणि ते किती तोकडं आहे ते तिचं तिलाच ऐकू आलं. मासोळीने पायजमा घोट्यापर्यंत खाली ओढला, चादरीवरचं ओलं फडकं उचलून आईच्या हातात दिलं आणि म्हणाली, की मॅडमना तू सांग, मी नाही सांगणार. आणि शेक मी माझा घेईन.

सकाळी ताईला जाग आली तेव्हा मासोळी पोहायची पिशवी घेऊन निघून गेलेली होती. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. घाईघाईत साडी गुंडाळून ती तलावावर पोचली. मॅडम शिट्टी गळ्यात अडकवून काठावर उभ्या होत्या. ताईने त्यांना बाजूला घेऊन, मान खाली घालून, काहीही न वगळता सगळं सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. त्यांचा जबडा घट्ट झाला होता. शेवटी म्हणाल्या, "काल माझ्या तोंडावर सांगता आलं असतं तुम्हाला." ताई म्हणाली, हो, आलं असतं. मॅडमनी मुलींकडे वळून शिट्टी फुंकली.

ताई पायऱ्यांवर जाऊन बसली. चष्मेवालीने सरकून तिला जागा करून दिली. कपडे बदलायच्या खोलीतून पोरी एकेक करून बाहेर येऊ लागल्या आणि त्यांच्यात मासोळी होती. गुडघ्याखाली पाय उघडे. त्यांवर जखमेचा जांभळा डाग, सुकत आलेल्या पुटकुळ्या आणि वेडेवाकडे वाढलेले केस. मैत्रिणीने काहीतरी विचारलं, तर तिने पाय पुढे करून डाग दाखवला आणि दोघी हसल्या. मॅडमनी तिच्या डोक्यावर टपली मारली. पायऱ्यांवरून एवढ्या आया बघत होत्या, पण तिला त्याचं काही नव्हतं. ती पहिल्यासारखी उड्या मारत काठापर्यंत आली, उडी घ्यायला वाकली आणि वाकता वाकता तिची नजर पायऱ्यांकडे गेली.

तिला आई दिसली. मासोळी तशीच सरळ झाली. मागे गेली, बाकावरचा टॉवेल उचलला आणि पाय घोट्यांपर्यंत झाकले जातील असा कमरेला गुंडाळला. मग पाण्याकडे तोंड करून नुसतीच उभी राहिली. बाकीच्या पोरी धपाधप पाण्यात पडत होत्या.

ताईला कळायला वेळ लागला नाही. चष्मेवालीने विचारलं, की अहो, आत्ताच तर आलात, लगेच निघालात. ताई म्हणाली, पार्लर उघडायचंय. ती पायऱ्या उतरली, तलावाकडे न बघता भिंतीच्या कडेने चालत दारापर्यंत गेली आणि पोरीला पाण्यात उतरता यावं म्हणून बाहेर पडली.