मुख्य रस्ता दाखवलेला नाही

० पावलं

"हा नकाशा कुणाचा?" बाहेरच्या विद्यापीठातून आलेल्या परीक्षकांनी आमच्या विद्यापीठाच्या फाटकाबाहेर उभं राहून विचारलं.

एकवीस पोरंपोरी एकदम मागे वळली. मागे वहिनी उभ्या होत्या. वय छप्पन्न, पायात कापडी बूट आणि चेहरा असा, जणू भलत्याच कुणाच्या नकाशाची चौकशी चाललीय.

वर्ग त्यांना मावशी म्हणायचा. वहिनी त्या एकीच्याच, आणि ती एक म्हणजे नागरी भूगोल शिकवणाऱ्या मॅडम, त्यांची सख्खी नणंद. प्रवेश घेतला त्याच दिवशी दोघींचं ठरलं होतं. घरी चिंगी, वर्गात मॅडम, आणि नातं भिंतीलासुद्धा कळता कामा नये. चिंगीने ते जरा जास्तच मनावर घेतलं. वहिनींच्या कागदावर लाल शाईत लिहिलं होतं :

विषय : मनातलं शहर. विद्यापीठ ते बाजार.
गुण : वीसपैकी चार.
शेरा : मुख्य रस्ता दाखवलेला नाही. चौक नाहीत. दुकानं नाहीत. कुत्रे दाखवू नयेत.

पास व्हायला आठ हवे होते. नाही मिळाले, तर प्रवेश रद्द. वय बघून अटीवरच दिलेला होता तो. कागद पाहून नवरा म्हणाला, चिंगीशी बोलू का? वहिनी म्हणाल्या, बोलून तर बघा.

"चला," परीक्षक म्हणाले. "याच नकाशाने मला बाजारात न्या."

४१२ पावलं

एकोणतीस वर्षं वहिनींनी पाणीखात्यात मीटर वाचले होते. मीटर घराच्या मागे असतात. त्यामुळे शहर त्यांना ठाऊक होतं ते पाठीकडून. वाळत घातलेले कपडे, मोडक्या सायकली, भांडी घासता घासता भांडणारी माणसं. पुढून कुठलं घर कसं दिसतं, देव जाणे.

गल्ली इतकी अरुंद, की सगळा वर्ग एकामागे एक चालला होता. पहिल्याच वळणावर नकाशातला पहिला कुत्रा भेटला. परीक्षकांना त्याने दात दाखवले आणि वहिनींना बघून शेपटी हलवली.

"आता याला दाखवायचं नाही, तर कुणाला?" वहिनी कुणाकडेच न बघता म्हणाल्या. मॅडमनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

मागची दारं उघडत गेली. निवृत्त झालात ना, मग परत कशा, असं जो तो विचारत होता. शिकतेय, असं वहिनी सांगत होत्या. नळाशी दात घासणाऱ्या एका आजोबांना एवढं हसू फुटलं, की चूळ सदऱ्यावर सांडली. मग सदरा झटकत त्यांनी विचारलं, माझंही नाव घालता का?

६९० पावलं

गुलाबी भिंतीपाशी परीक्षक थांबले. इथे किती माणसं राहत असतील? मॅडमना जनगणनेची यादी तोंडपाठ होती : पाच. हा भाग ओस पडत चाललाय, असा त्यांचा छापून आलेला निबंधच होता. वहिनींनी नुसती मान हलवली. त्यांचं ते मान हलवणं मॅडमना घरून चांगलं माहीत होतं. परीक्षकांनी पुन्हा विचारलं, या वेळी वहिनींना.

"अकरा. धाकट्याचा संसार परत आला, त्या वर्षापासून मीटर दुपटीने पळायला लागला. पलीकडे तेच. त्याच्या पलीकडे गच्चीवर खोली चढली. कागदावर माणसं घटली असतील, पाणी काही घटलेलं नाही."

"पण वहिनी, हे तू मला घरी कधी..." मॅडम बोलून गेल्या आणि जीभ चावली.

"घरी वर्गाचं बोलायचं नाही, असं कोण म्हणालं होतं, चिंगे?"

एकवीस पोरंपोरी भिंतीला टेकून हसली. परीक्षकांनी एकदा या बाईकडे पाहिलं, एकदा त्या बाईकडे, मग लाल शाईकडे.

"चार गुण दिल्यावर घरी जेवायला मिळतं का तुम्हाला?"

"मिळतं. अळणी," मॅडम म्हणाल्या आणि कुणाच्या तरी मागच्या पायरीवर बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. पाच वर्षं खपून त्यांनी ओस पाडलेलं शहर वहिनींनी दहा मिनिटांत भरून टाकलं होतं.

१२३० पावलं

बाजार आला. परीक्षकांनी चार खोडून पंधरा लिहिले, पेन्सिलीने.

"पण मॅडमचा शेरा खरा आहे. मुख्य रस्ता नाही. आठ दिवसांत काढून द्या, मग पेनाने लिहितो."

मुख्य रस्त्याने आपण कधी चाललोच नाही, हे वहिनींच्या तेव्हा लक्षात आलं.

पुन्हा ० पावलं

रविवारी सकाळी दोघी निघाल्या. फळी आणि कागद वहिनींकडे, मोजायची फीत चिंगीकडे. वहिनींना एक घर ओळखू येईल तर शपथ. रंगवलेले कठडे, नावाच्या पाट्या, खिडक्यांत फुलं. घरच्या कपड्यांत रोज भेटणारी माणसं एकदम नटूनथटून समोर यावीत, तसं झालं. चुकत, हसत, बोटांवर मोजत त्यांनी ठरवलं, की कोपऱ्यापासून चौथं ते गुलाबी भिंतीचं. आता नकाशात लिहायला पुढच्या खोल्यांत कोण राहतं, ते विचारायला हवं होतं.

"मग वाजव की बेल," चिंगी म्हणाली.

वहिनींचा हात वर गेला आणि तिथेच राहिला. मागच्या दारी नुसतं "मीटर" म्हणून हाक मारली, की आत जाता येई. त्यांनी बोट कपड्याला पुसलं आणि बेल दाबली.

अर्धं दार उघडलं. आतल्या बाईने आधी चेहरा पाहिला, मग बूट.

"अहो, तुम्ही? आणि इकडून?"

वहिनींनी सगळं सांगितलं. परीक्षा, रस्ता, नकाशा. बाईने शांतपणे ऐकून घेतलं आणि थांबा म्हणाली. आतून तिने स्टूल आणलं. दाराची दुसरी फळी कित्येक वर्षांत उघडली नसावी, वरची कडी गंजून बसली होती. स्टुलावर चढून तिने तळहाताने दोन तडाखे दिले, कडी सोडवली आणि ती फळीही भिंतीला टेकेपर्यंत मागे लोटली.

"या," ती म्हणाली.