टोपडं काढलेलं वसतिगृह

त्या कॉलेजकडे जमीन किती होती म्हणाल, तर दान देणाऱ्यांनी ती मोजलीच नव्हती. "नजर पोचेल तिथवर तुमची," असं म्हणाले, आणि त्या काळी लोकांची नजर चांगली होती. आता एवढी जमीन अंगावर आल्यावर शिकवण्यात कोणाचं चित्त लागणार? मालमत्ता विभाग म्हणजे आधी कमरेला किल्ल्यांचा जुडगा लावलेला एक म्हातारा होता. तो गेला आणि त्याच्या खुर्चीवर साहेब आला. साहेबाला सहायक आला, सहायकाला उपसहायक, आणि हां हां म्हणता विभागाने दोन मजले गिळले, वर ढेकरही दिला नाही.

मुख्य साहेबाला सगळे पाठीमागे ‘इमलेसाहेब’ म्हणत. बांधलेलं काही नाही, पण बोलायला लागला की हवेत मजल्यावर मजले चढायचे.

या इमलेसाहेबाने उद्याच्या कॉलेजचं मॉडेल करवून घेतलं. पुठ्ठ्याच्या इमारती, स्पंजची झाडं, बशीएवढं तळं. सुरुवातीला ते प्राचार्यांच्या टेबलावर पेपरवेटशेजारी मावायचं. मग कोणी म्हणालं, पार्किंग कुठंय? पार्किंग आलं. कोणी म्हणालं, दुकानं नकोत का? दुकानं आली. मॉडेल टेबलावरून उतरलं, सभागृहात गेलं, तिथेही अंग चोरून बसावं लागतंय म्हणून मधली भिंत पाडून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत शिरलं. प्रयोगशाळा गेली गणिताच्या वर्गात आणि गणित गेलं जिन्यावर. सर एकेका पायरीवर एकेक ओळ लिहीत वर चढायचे, उत्तर गच्चीवर निघायचं. ज्याला दम लागला तो नापास. ग्रंथालयात साधा पंखा नव्हता, पण मॉडेलला एसी होता. उन्हाने पुठ्ठा वाकतो ना! मुलं वाकली तर चालतात.

मॉडेलची एक रीत होती. जी इमारत अजून व्हायची आहे, तिच्या डोक्यावर पांढऱ्या कागदाचं टोपडं, तान्ह्या बाळाला घालतात तसं. बांधून झाली की कॉलेजच्या मंडळाचे अध्यक्ष दोन बोटांनी टोपडं उचलणार आणि मंडळ टाळ्या वाजवणार. बाहेर जाऊन बघण्याची पद्धत नव्हती. बाहेर ऊन असतं, धूळ असते, आणि मुख्य म्हणजे माणसं असतात. ती प्रश्न विचारतात.

याच कॉलेजात मुलींच्या वसतिगृहावर एक रेक्टरबाई होत्या. शिकवायच्या तर्कशास्त्र. नवरा बोटीवर नोकरीला, त्याचे पाय जमिनीला क्वचितच लागायचे. वसतिगृहाच्याच जिन्याखालच्या दोन खोल्यांत बाई आणि त्यांच्या सासूबाई. वादात आपल्याला कोणी हरवू शकत नाही असा बाईंना भारी तोरा. सासूबाई वाद घालतच नसत. त्या पत्ते पिसायच्या, आणि सरळ सरळ चोरून जिंकायच्या.

वसतिगृह जुनं होतं. छप्पर गळायचं, तिसरा नळ फक्त खाकरायचा. पण परीक्षा तोंडावर आली होती आणि मुली वऱ्हांड्यातसुद्धा चटया टाकून अभ्यासाला बसल्या होत्या. बाईंना एक गोष्ट पक्की ठाऊक होती: यातली एखादी एकदा बाडबिस्तरा घेऊन घरी गेली, की पुन्हा तिला कोणी पाठवत नाही. खोली म्हणजे त्या पोरीचं सगळं नशीब.

तर झालं काय, नव्या वसतिगृहासाठी आईच्या नावाने देणगी दिलेले एक लाकूडवाले शेठ मॉडेल बघायला आले. बघतात तर आईच्या नावाच्या इमारतीवर टोपडं.

"हे काय, अजून टोपडंच?" शेठ म्हणाले. आवाज कापला हो त्यांचा. आईच ती शेवटी.

अध्यक्ष गोंधळले. पण अध्यक्षपदावर बसलेला माणूस गोंधळला की कामाला लागतो. त्यांनी हात लांबवला आणि टोपडं काढलं. "छे छे, झालंच की! काढायचं राहून गेलं होतं." टाळ्या झाल्या. शेठनी डोळे पुसले. इमलेसाहेबाने तर असा श्वास सोडला, जणू विटा त्यानेच वाहिल्या होत्या.

झालं, इमारत झाली. दुसऱ्या दिवशी बाईंच्या हातात हुकूम: आठवड्यात मुलींनी नव्या वसतिगृहात जावं, जुनं पाडून तिथे भाड्याच्या फ्लॅट्सचा टॉवर उभा राहणार, आणि टॉवरवाला थांबायला तयार नाही.

बाई छत्री घेऊन नवं वसतिगृह बघायला गेल्या. बाभळी होत्या, फुटका पाइप होता आणि शेळ्या होत्या. एक शेळी बाईंकडे अशी बघत होती, जणू ॲडमिशन तिलाच मिळालंय.

बाई तडक इमलेसाहेबाकडे.

"अहो साहेब, तिथे काहीच नाहीये."

"कुठे मॅडम?"

"नव्या वसतिगृहात! नवं वसतिगृहच नाहीये!"

इमलेसाहेबाने त्यांना हलकेच मॉडेलपाशी नेलं. "हे काय आहे मग?"

"पुठ्ठा."

"टोपडं आहे का त्यावर?"

"नाही."

"मग? टोपडं निघालं म्हणजे इमारत झाली. तुम्ही तर तर्कशास्त्राच्या."

"चला माझ्याबरोबर. दहा पावलांवर आहे. डोळ्यांनी बघा."

"मी साइटवर जात नाही मॅडम." तो अगदी समजुतीने म्हणाला. "साइटवर गेलं की माणूस तपशिलात अडकतो. मोठं चित्र दिसत नाही."

"आणि मुली कुठे झोपतील? मोठ्या चित्रात?"

"प्रत्येकीला खिडकी दिलीय. बघा ना, जाळीसकट."

बाई अध्यक्षांकडे गेल्या. अध्यक्षांनी त्यांना लेझर पॉइंटरच्या लाल ठिपक्याने नव्या वसतिगृहाचे सज्जे दाखवले. प्राचार्यांकडे गेल्या, ते म्हणाले, "माझं स्वतःचंच ऑफिस हल्ली मॉडेलच्या मागे आहे, मी काय बोलू?" मग बाईंनी मंडळापुढे मुद्देसूद निवेदन ठेवलं: जे अस्तित्वात नाही त्यात राहता येत नाही. मंडळाने ते ‘इतर विषयां’त घातलं, आणि इतर विषयांआधी नेहमी बिस्किटं येतात. बिस्किटांनंतर कोण थांबतंय!

त्या संध्याकाळी बाई पलंगावर बसल्या आणि आयुष्यात पहिल्यांदा रडल्या. वरच्या मजल्यावर पोरी ट्रंका ओढत होत्या, त्याचा खरखराट छतातून येत होता.

"आई, ती माणसं आंधळी आहेत हो."

"आंधळा बिचारा चाचपून तरी बघतो," सासूबाई म्हणाल्या. हातात पत्ते होतेच. "अगं, त्यांना फक्त मॉडेलवरचं दिसतं. बरोबर?"

"बरोबर."

"आणि आपलं वसतिगृह मॉडेलवर आहे का?"

"नाही. आपल्या जागी टॉवर आहे, टोपडं घातलेला."

"मग ठेव की मॉडेलवर! एवढी शिकलीस, आणि समोरचा पत्ता दिसेना?"

"आई, ही फसवणूक आहे."

"हो तर. डाव कोणाबरोबर चाललाय ते बघून खेळावं."

बाईंनी नाक पुसलं. मग म्हणाल्या, "बुटांचा खोका आहे का?"

मुलींनी रात्रभर जागायचं काही कारण पडलं नाही, दुसऱ्या दिवशी दुपारच्या आतच वसतिगृह तयार झालं. खोक्याच्या भिंती, काडेपेटीच्या काड्यांचा कठडा, फाटक्या मच्छरदाणीच्या जाळ्या. एका चष्मेवाल्या मुलीने छप्पर जिथे गळतं तिथे निळा ठिपकाही दिला, खोटं काही नको म्हणून. सासूबाईंनी गच्चीवर दोरा बांधून त्यावर नखाएवढ्या चिंध्या लटकवल्या. "वाळत घातलेले कपडे नसले तर पोरींचं घर कसलं? तुरुंग वाटेल."

आता ते ठेवायचं कसं? मॉडेलला पहारेकरी होता. ग्रंथालयातून पुस्तकं चोरीला जायची, तिथे कोणी नव्हतं, पण स्पंजच्या झाडांना पहारा. मग सासूबाईंनी ठेवणीतली शाल काढली, खोट्या मोत्यांची माळ घातली, काठी घेतली आणि सुनेच्या खांद्यावर रेलून अशा काही निघाल्या, की वाटेतल्या लोकांनी आपोआप रस्ता दिला.

"मला मूलबाळ नाही," दारातच त्या मोठ्याने म्हणाल्या. बोटीवरच्या लेकाला त्या क्षणी उचकी लागली असणार. "जमीन मात्र फार आहे. कोणाच्या नावे करावी, कळेना."

जमीन हा शब्द कानावर पडताच पहारेकऱ्याआधी इमलेसाहेब धावला. खुर्ची आणली, स्वतः पुसली; बाईंकडे त्याचं लक्षच नव्हतं. "आजी, या ना! कुठंशी आहे जमीन?"

"नदीच्या दोन्ही बाजूंना. मधली नदीपण आमचीच. पण बाळ, माझी गोळीची वेळ झाली. कोमट पाणी मिळेल? फार गरम नको, फार गार नको. आणि कप काचेचा हवा, मला चिनी मातीचा बाधतो."

इमलेसाहेब काचेच्या कपासाठी एका बाजूला पळाला, पहारेकरी पाणी कोमट करायला दुसऱ्या बाजूला. सासूबाईंनी काठी ठकठक आपटली. बाईंनी टॉवर उपटला, पिशवीत घातला, वर भाजीची जुडी ठेवली, आणि त्या जागी बुटांच्या खोक्याचं वसतिगृह डिंकाने चिकटवलं. आयुष्यभर शिकवलेले सगळे नियम बोटांतून गळून जात होते, आणि खरं सांगायचं तर मजा येत होती.

मॉडेलभोवती मंडळाची बैठक भरली. प्राध्यापकांतर्फे बाई कोपऱ्यातल्या खुर्चीत होत्या. शेठ होते, अध्यक्ष होते, आणि करारावर सही घ्यायला पेन उघडूनच बसलेला टॉवरवाला होता. त्यालाच पहिल्यांदा दिसलं.

"माझा टॉवर कुठंय?"

सगळे वाकले. टॉवरच्या जागी चिंध्या वाळत होत्या.

इमलेसाहेबाचा चेहरा पुठ्ठ्याच्या रंगाचा झाला. मला माहीत नाही म्हणावं, तर मॉडेल चुकलं असा अर्थ होतो. आणि मॉडेल चुकतं म्हटलं, तर आजवर निघालेल्या सगळ्या टोपड्यांचं काय?

"तो... तो फेरविचारात आहे," तो म्हणाला.

"कोणी ठरवलं?" टॉवरवाला.

कोणीच काही ठरवलं नव्हतं. पण मागच्या बैठकीत आपण डुलक्या काढत होतो हे कोण कबूल करणार? एक सदस्य खाकरले. "ठरलं होतं बहुतेक. मागच्या वेळी."

"बहुतेक काय, ठरलंच होतं," दुसरे म्हणाले. "जुनी वास्तू. वारसा. मीच मुद्दा मांडला होता."

"तुम्ही नाही, मी," तिसरे म्हणाले. "कपड्यांची दोरीसुद्धा मीच सुचवली. जिवंतपणा हवा म्हणून."

अध्यक्षांनी सगळ्यांकडे बघितलं. कल्पना एवढी चांगली असेल तर ती आपली असली पाहिजे, हे त्यांच्या लक्षात आलं. "ही इमारत ठेवायची, हा माझा पहिल्यापासूनचा आग्रह होता," ते म्हणाले. "मुलींसकट."

टॉवरवाला उठला. माणूस लबाड, पण रोज उन्हात फिरणारा. "ठीक आहे. मग मला ती बाभळींची जागा द्या. नव्या वसतिगृहाची. मोकळीच आहे."

"मोकळी?" शेठ ताडकन उठले. "माझ्या आईचं वसतिगृह आहे तिथे!"

"अहो शेठ, तिथे शेळ्या चरतात. मी कालच बघून आलो. एक वीट नाहीये!"

आख्ख्या बैठकीत पहिलं खरं वाक्य बोललं गेलं होतं. अध्यक्षांनी कोपऱ्यात बघितलं. "बाई, तुम्ही तिकडच्याच ना? सांगा. आहे की नाही वसतिगृह?"

बाईंच्या जिभेवर सगळं तयार होतं. कधीपासून हेच तर ओरडून सांगत होत्या. पण ती जागा मोकळी ठरली, तर शेठ देणगी परत मागणार, मंडळ एकमेकांच्या उरावर बसणार, कोण काय म्हणालं ते उकरलं जाणार, आणि उकरता उकरता कोणीतरी बुटाच्या खोक्यावरचा नंबर वाचणार. तिकडे वसतिगृहात पोरी पुस्तकं उघडून बसल्या होत्या.

बाई उभ्या राहिल्या, मॉडेलकडे बघितलं आणि म्हणाल्या, "टोपडं तर नाहीये त्यावर."

"ऐकलंत?" अध्यक्ष गरजले. "मी या हातांनी काढलंय ते! आणि हे गृहस्थ म्हणतात, शेळ्या! चालते व्हा!"

टॉवरवाला खरं बोलला म्हणून हाकलला गेला. जाताना बाईंकडे बघून म्हणाला, "तुम्हाला तर माहीत होतं." बाईंनी मान खाली घातली. ते त्यांना लागलं, नाही असं नाही. पण वसतिगृहातल्या ट्रंका पुन्हा खाटांखाली गेल्या.

बिस्किटं आली. अध्यक्ष खुशीत होते. बशी घेऊन बाईंजवळ आले. "बरं झालं हो बोललात. तुम्ही राहता कुठे?"

"तिथेच. त्या जुन्या वसतिगृहात. रेक्टर आहे मी, गेली कित्येक वर्षं."

"असं? कुठली खोली?"

बाईंनी बोट दाखवलं. "ही, जिन्याखालची."

अध्यक्षांनी बशी खाली ठेवली, चष्मा चढवला, बाईंकडे पाठ करून वाकले, आणि खोक्याला कापलेल्या त्या इवल्याशा खिडकीत डोळा लावून विचारलं, "आहात का आत?"