डी ड्राइव्हमधल्या विहिरी

अण्णांचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत मुलांच्या जर्नलांवर सह्या करत होते.

"दर्शनी, संगणक चालू होतोय, पण पुढं जात नाही," ते म्हणाले.

बहुतेक लोक "बंद पडला" एवढंच सांगतात. अण्णा भूजल खात्यात होते. जे दिसलं तेवढंच सांगायची त्यांना सवय.

कॉलेज सुटल्यावर मी तशीच बरकतपुऱ्याला आई-अण्णांच्या फ्लॅटवर गेले. दसरा नुकताच होऊन गेला होता. संगणकाच्या डब्यावर हळदीकुंकवाची बोटं होती आणि वर सुकलेला झेंडू. मी बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, ठिपके गोल फिरले, 'दुरुस्तीची तयारी चालू आहे' अशी ओळ आली, निळा पडदा आला आणि पुन्हा कंपनीचं चिन्ह.

"असंच," अण्णा म्हणाले. "तो विचारेल तिथं मी 'दुरुस्त करा' म्हणत गेलो. कालपासून तेच करतोय."

त्या संगणकात काय आहे ते मला माहीत होतं.

निवृत्त झाल्यावर अण्णांनी शहरातल्या जुन्या बावड्या, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरी, मोजायला घेतल्या. नल्लकुंट्यातल्या, अफझलगंजच्या मागच्या, मुसीच्या काठच्या. दोरीला वजन बांधून खोली, पट्टीनं व्यास, पायऱ्या, पाण्याची पातळी उन्हाळ्यात किती आणि पावसाळ्यानंतर किती, शिवाय प्रत्येकीचे फोटो. कोणी सांगितलं नव्हतं. त्यातल्या बऱ्याच आता नाहीत. कुठं अपार्टमेंटचं पार्किंग आहे, कुठं फंक्शन हॉल. नल्लकुंट्याचं घर सोडून फ्लॅटमध्ये येताना त्यांनी मोजणीच्या वह्या रद्दीत दिल्या. सगळे आकडे टाइप करून, दोनदा ताडून झाले होते. आता विद्यापीठातल्या एक बाई ते छापणार होत्या, दसऱ्यानंतर सगळं त्यांना पाठवायचं होतं. अण्णांच्या उजव्या डोळ्याला मधोमध काळा डाग दिसतो, डाव्यालाही सुरू झालाय. छापलेलं पुस्तक आपल्याला वाचता यावं, एवढीच त्यांची घाई होती.

मी डबा उघडला. जाळीवर हळद होती आणि पंख्यात तांदळाचे दाणे.

"मी पाणी फुलानंच शिंपडलं गं," आई स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली. "तेही वरच्यावर."

"अक्षता आत गेल्यात, आई."

"देवाच्या आहेत. काय करणार त्या?"

"पंखा अडवतील."

"मग काढ की. एवढी शिकलीस ती कशाला?"

मला खरं तर बरं वाटत होतं. पाणी आणि हळद असेल तर प्रश्न वरवरचा. मी दाणे चिमट्यानं काढले, जाळी ब्रशनं झाडली, मेमरीच्या पट्ट्या काढून त्यांचे सोनेरी दात खोडरबरानं घासले आणि परत बसवल्या. अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले होते. मी काय करते ते त्यांना नीट दिसत नव्हतं, म्हणून मी एकेक गोष्ट बोलून दाखवत होते.

मग बटण दाबलं. चिन्ह, ठिपके, निळा पडदा.

पाण्याचा दोष नव्हता. मी पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं, म्हणजे आतल्या डिस्कला हात न लावता तिच्याकडे नुसतं पाहता येतं. डिस्क फिरत होती, आवाज स्वच्छ होता. पण जिथं सी आणि डी असे दोन भाग दिसायला हवेत तिथं एकच लांब कोरी पट्टी होती.

"अण्णा, नवमीला पूजा झाली त्या दिवशी यावर काही चालू होतं का?"

"हर्षदनं लावून दिलं होतं काहीतरी. सी भरला म्हणत होता, डीमधली जागा त्यात घेतो म्हणाला."

हर्षद वरच्या मजल्यावर राहतो. पुण्याचा, इथं आयटीत आहे. सणाला गावी गेला होता. मी त्याला फोन लावायच्या आधी आईला विचारलं.

"नवमीला पूजा केलीस तेव्हा तो बंद होता ना?"

"पडदा काळा होता. पण डब्यावरचा दिवा लुकलुक करत होता. म्हणून मीच भिंतीवरचं बटण बंद केलं."

"आणि तो युपीएस?"

"ते डबडं टूंटूं करायला लागलं. त्याचंही बटण दाबून धरलं. मग गप झालं." आईनं पदराला हात पुसले. "चालू अवजाराची पूजा करतात का कुठं? खंडेनवमीला आमच्या मामंजींनी मोटसुद्धा थांबवली होती. बैल सोडून दिले, मग मोटेला हळदकुंकू. पूजेला बसलेलं अवजार दसऱ्यापर्यंत उचलायचं नाही. हे त्या दिवशी बहिणीकडे जेवायला गेले होते, नाहीतर यांनीच केलं असतं."

मी अण्णांकडे पाहिलं. हे त्यांनाही आत्ताच कळत होतं. त्यांनी छताच्या पंख्याकडे नजर लावली.

"हौ," ते म्हणाले. "पूजा म्हटल्यावर बंदच पाहिजे."

आई चहा ठेवायला आत गेली.

हर्षदनं फोन लगेच उचलला. मागं पोरांचा गलका होता.

"काकांना मी बजावून सांगितलं होतं, ताई. स्क्रीन काळी झाली तरी आत काम चालू असतं. डीमधला सगळा डेटा उचलून पुढं सरकवत होता तो. हात लावला का त्यांनी?"

"अण्णांनी नाही लावला."

"मग?"

"वीज गेली," मी म्हणाले.

"युपीएस आहे की."

"आहे."

तो थांबला. "बरं. बॅकअप तर असेल ना? मी विचारलं होतं. काका म्हणाले, दोन कॉप्या आहेत, निवांत कर."

मी फोनवर हात धरून अण्णांना विचारलं.

"आहेत की," अण्णा म्हणाले. "एक सीमध्ये, एक डीमध्ये. सी खराब झाला तर डी राहतो. आमच्या ऑफिसात सगळे असंच ठेवायचे."

मी ते हर्षदला सांगितलं. तिकडचा गलका ऐकू येत राहिला.

"ताई, पण सी आणि डी एकाच डिस्कवर आहेत," तो शेवटी हळूच म्हणाला.

"माहीत आहे मला."

"मी बघायला हवं होतं."

"तू सण कर. आल्यावर बोलू."

डिस्क काढून मी घरी नेली. तिच्यावर एक अक्षरही न लिहिता तिची जशीच्या तशी प्रत दुसऱ्या डिस्कवर घेतली आणि शोधायचे प्रोग्रॅम त्या प्रतीवर चालवले. पहिल्या प्रोग्रॅमनं फाइलींची नावं दाखवली तेव्हा मी आनंदानं उभीच राहिले. सगळ्या फाइली होत्या, तक्ते, फोटो, उन्हाळा, पावसाळा, सालवार. मी तक्त्याची फाइल उघडली. आत आकडे नव्हते. कुठल्यातरी दुसऱ्याच फाइलचा चुरा होता. सरकवता सरकवता काम मध्येच तुटलं होतं, आणि नंतर अण्णांनी केलेल्या प्रत्येक 'दुरुस्ती'नं त्या तुटलेल्या जागेवर स्वतःचं काहीतरी लिहून ठेवलं होतं. हे दुसरं मी अण्णांना सांगायचं नाही असं ठरवलं. दुसरे प्रोग्रॅम चालवले, पैसे देऊन घ्यायचे तेही. डेटा परत मिळवून देणाऱ्या एका कंपनीकडे डिस्क दाखवली. त्यांनी ती चार दिवस ठेवली आणि मला दिसलं होतं तेच त्यांना दिसलं.

फोटो मात्र काही उघडले. फोटोची फाइल वरून खाली भरत जाते, म्हणून वरची पट्टी राहते आणि पुढचा भाग करडा होतो. अण्णा काठावर उभे राहून फोटो काढायचे. त्यामुळे आभाळ, समोरच्या भिंती, कठड्याचे दगड आणि क्वचित पहिली पायरी एवढं आलं होतं. त्याच्या खाली सगळा करडा रंग.

रविवारी मी संगणक घेऊन गेले. नवी डिस्क बसवली होती, सगळं नव्यानं टाकलं होतं. बटण दाबलं आणि तो सरळ सुरू झाला, पूर्वीपेक्षा लवकर.

"झाला ना?" आई म्हणाली. "उगीच परेशान केलं आठवडाभर. माझा जीव थाऱ्यावर नव्हता, म्हटलं पाण्यानं तर नाही ना."

"पाण्यानं नाही, आई."

"पाण्यानं नाही," अण्णाही म्हणाले. "तुझं काही नाही त्यात."

ती आत गेल्यावर मी त्यांना फोटो दाखवले. ते पडद्याच्या अगदी जवळ गेले, मान तिरकी करून, जिथून दिसतं त्या कोनातून.

"खाली करडं दिसतं ते माझ्या डोळ्याचं की फोटोचं?"

"फोटोचं."

"आणि तक्ते?"

"नाहीत, अण्णा. एकही नाही."

त्यांनी मान हलवली. मी सगळे उपाय केले का, असं त्यांनी विचारलं नाही. थोड्या वेळानं म्हणाले, "लिहून घे. पाठ असतील मला."

मी नवा तक्ता उघडला. नाव, व्यास, खोली, पायऱ्या. नल्लकुंट्यातल्या पहिल्या बावडीची खोली त्यांनी न थांबता सांगितली. दुसरीची सांगितली. तिसरीची सांगताना म्हणाले, "बारा मीटर. नाही, बारा ती पलीकडची. ही चौदा असेल." मग पहिलीवर परत आले आणि वेगळा आकडा सांगितला.

मी दोन्ही लिहिले. त्यांनी कीबोर्डवरच्या माझ्या हाताकडे पाहिलं.

"काय लिहिलंस?"

"दोन्ही. पुढं प्रश्नचिन्ह."

"खोड. तो आकडा नव्हे. अंदाज आहे." मग सावकाश म्हणाले, "अंदाज तर कोणीही करेल."

मी खोडला. दुसरीचाही खोडायला सांगितला. खोलीचा रकाना रिकामा झाला, मग व्यासाचा. विद्यापीठातल्या बाईंना कळव, मजकूर येणार नाही म्हणून, असं ते म्हणाले. काय कारण लिहू विचारलं तर म्हणाले, "कारण कशाला? नाही म्हणजे नाही."

मी तिथंच बसून दोन ओळींची मेल लिहिली आणि पाठवली. त्यांना वाचून दाखवली. ठीक आहे म्हणाले.

मग निदान नावं तरी ठेवू, ती खात्रीची आहेत, असं त्यांनाच वाटलं. ते सांगत गेले, उर्दू, तेलुगू, मराठी, ज्या गल्लीत जे म्हणतात ते, आणि मी लिहीत गेले. अफझलगंजपर्यंत सुरळीत चाललं. तिथं ते अडकले. कपाळावर बोट ठेवून बसले, कुठल्याशा गल्लीचं वळण दोनदा हवेत काढलं.

आई चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी तिलाच विचारलं, "लायब्ररीच्या मागं ती बाव होती, चिंचेखालची. तिला काय म्हणायचे गं?"

"मला काय माहीत?" आई म्हणाली. "तुम्ही मला कधी नेलंत का तिथं?"