लिस्बेथपर्यंत वाजवावे

आमच्या दरबारात वादकाला लग्न करायचं तर युवराजांची लेखी परवानगी लागते, आणि युवराज सही करतात ती मैफल संपल्यावर. मी फगोट वाजवतो, म्हणजे तो माणसाएवढा लांब लाकडी भोंगा. वाजवून झालं की हात पुसून पंगतीत सूपही मीच वाढतो. माझ्या लग्नाला नको कोण म्हणणार? पण घाई होती. येता रविवार लग्नांचा शेवटचा, मग नाताळाआधीचा आगमनकाळ लागतो आणि नाताळ होईपर्यंत चर्चमध्ये लग्नं बंद. आणि लिस्बेथचा झगा पुढून बांधता येईनासा झाला होता.

"टोबियास," शनिवारी सकाळी तिने बजावलं, "आज सही आणली नाहीस तर बाबा तुला त्या भोंग्यात कोंबतील."

तिचा बाप खाटीक. जन्मभर आतड्यांत खिमा भरलेला माणूस तो, सहज कोंबेल.

युवराज अजून मिसरूड न फुटलेले. परदेशी कायदा शिकायला पाठवले, तर कायदा तिथेच ठेवून इटालियन संगीताचं गाठोडं घेऊन आले. तेव्हापासून स्वतः रचना करतात. चांगल्या करतात हो, खोटं कशाला बोलू! त्या संध्याकाळची रचना ऐकून माझ्यासारख्या दगडालाही भरून आलं. पहिल्या खेपेला.

शेवटी लिहिलं होतं, 'पुन्हा पहिल्यापासून'. गेलो आम्ही पहिल्यापासून. अशा वेळी वाटेत कुठेतरी 'इथे थांबावे' असंही लिहिलेलं असतं. तेवढंच युवराज विसरले होते. ते स्वतः पुढे उभे राहून व्हायोलिन वाजवत होते. त्यांच्याआधी थांबायची कोणाची छाती? पुन्हा शेवट आला, पुन्हा पहिल्यापासून. थोरल्या राणीसाहेबांना झोप लागली, जाग आली, परत झोप लागली. खिडकीबाहेर अंधारायला लागलं, आणि तो कागद ज्यांना रात्रीच दाखवायचा, ते आमचे पाद्रीबुवा कोंबड्यांबरोबर झोपतात.

माझं डोकंच फिरलं. भोंग्यातून असा खर्ज लावला की अंगणातली कुत्री केकाटली. सगळे थांबले.

"काय रे हे?" युवराज ओरडले.

"सरकार, याला शेवटच नाही! लिहायला विसरलात तुम्ही!"

कानापर्यंत लाल झाले बिचारे. "मला वाटलं, तुम्हाला आवडलंय म्हणून थांबत नाही आहात."

"आणि आम्हाला वाटलं, तुम्हाला!"

ते खो खो हसत सुटले. तेवढ्यात मी अर्ज पुढे सरकवला. त्यांनी हसतहसतच काहीतरी खरडून सही ठोकली, आणि मी न वाचताच पाद्रीबुवांकडे पळालो.

पाद्रीबुवांनी टोपी घालून झोपायची तयारी केली होती. त्यांनी कागद दिव्याशी धरला. "'परवानगी आहे. पुन्हा पहिल्यापासून.' म्हणजे काय रे?"

"अहो, त्यांच्या डोक्यात तीच रचना घोळत होती. चुकून लिहिलंय."

"युवराज चुकत नसतात," पाद्रीबुवा म्हणाले. "हुकूम म्हणजे हुकूम."

रविवारी युवराजही चर्चमध्ये येऊन बसले. पाद्रीबुवांनी विधी नीट शेवटपर्यंत नेला, मग पोथी उलटून पहिल्यापासून सुरू केला. लिस्बेथ दुसऱ्यांदा 'होय' म्हणाली. आणि त्यांनी पोथी परत उलटली! कुठे थांबायचं ते याही कागदावर नव्हतं.

"लिस्बेथ, तू या टोबियासला पती म्हणून..."

"अहो, किती वेळा विचाराल? दोनदा सांगितलंय होय म्हणून! आता विचारलंत तर नाही म्हणेन, आणि हे पोर तुम्हीच सांभाळा!"

पाद्रीबुवांनी फटकन पोथी मिटली. युवराज हसूनहसून बाकावरून खाली घसरले.

पुढे खोकल्यानं नेलं हो त्यांना, ऐन तारुण्यात. आम्ही अजून त्यांच्या रचना वाजवतो. त्या रविवारनंतर ते शेवट लिहायला कधी विसरले नाहीत. बाकीचे रचनाकार 'इथे थांबावे' लिहितात, तिथे त्यांनी प्रत्येक कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलंय, 'लिस्बेथ'.

बाहेरगावचे वादक विचारतात, हा कुठला इटालियन शब्द?

"थांबा, नाहीतर खैर नाही," मी सांगतो.